‘एशियन स्टडीज घेऊन करणार काय?’

“मॅडम, मेजर इकॉनॉमिक्स आहे, मग मायनरला फायनान्स नको? एशियन स्टडीज घेऊन ही करणार काय?” माझ्या समुपदेशनाच्या खोलीत शिरताना चपला काढता काढताच बाबांनी विचारलं. मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम. मुलगी पुण्यातल्याच एका खासगी विद्यापीठात पहिल्या वर्षाला, बाबा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला, आई गप्प. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा, कारण नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून विषय बदलून तो सारखा माझ्यासमोर येऊन बसतो.

आधी हिशेब केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, त्यातले २४ मायनरचे. तिच्या पुस्तिकेत चार-चार क्रेडिटचे सहा पेपर होते. हे २४ कशानं तरी भरायचेच आहेत. मेजरचा एकही पेपर त्यापायी कमी होत नाही. बाबा जरा सैल झाले. पोरगी अर्थशास्त्र सोडतेय, असंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

मग तिला विचारलं, हेच का? ती खाली बघत म्हणाली, “जपानी ॲनिमे बघते म्हणून.” बाबांनी ‘आता बोला!’ अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मला या उत्तराचं वावडं नाही, ओढ कुठूनही लागते. पण नुसत्या ओढीवर एखादं सेमिस्टर निघतं, सहा पेपर निघत नाहीत. तिला म्हटलं, पंधरा दिवसांत पुण्यातलाच एक प्रश्न शोधून आण, जो एकट्या अर्थशास्त्रानं सुटत नाही.

उठायच्या आधी बाबांना सहज विचारलं, तुमच्या शॉपमध्ये भिंतीवर काय लिहिलंय? “फाइव्ह एस. सेइरी, सेइतोन, सेइसो...” म्हणता म्हणता ते थांबले. मग कायझेन, पोकायोके, मुदा, गेंबा असे आपणहूनच एकेक जपानी शब्द आले. वीस वर्षं रोज तोंडात असलेले. मुलीनं टेबलावरच्या पाठकोऱ्या कागदावर दोन कांजी (जपानी चित्राक्षरं) काढल्या. “बाबा, हे गेंबा. पहिलं अक्षर ‘समोर असणं’, दुसरं ‘जागा’.” बाबांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरला. “साहेब लोक म्हणतात, केबिनमध्ये बसू नका, गेंबावर जा. एवढंच माहीत होतं.” कागदाची घडी खिशात गेली.

पंधरा दिवसांनी ती एकटीच आली. प्रश्न होता मुळा-मुठेचा. पेपरात ‘जायका प्रकल्प’ वाचून तिला ते कुठल्याशा कंत्राटदाराचं नाव वाटायचं. निघाली जपान सरकारची सहकार्य संस्था. नदीत सांडपाणी जाऊ नये म्हणून ११ शुद्धीकरण केंद्रं बांधायची, त्यासाठी २०१६ मध्ये झालेला कर्जाचा करार. वहीत तिनं लिहिलं होतं : येनचा भाव फिरला तर परतफेडीचं काय? आणि त्याखाली : जपान इतक्या कमी व्याजानं पैसे देतोच कशाला?

पहिला प्रश्न तिच्या मेजरचा. दुसऱ्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरचा जपान वाचावा लागतो. ब्रह्मदेश, फिलिपिन्स, इंडोनेशिया यांना द्यावी लागलेली भरपाई, तिच्याबरोबरीनं उभी राहिलेली मदतीची यंत्रणा. जपाननं सवलतीचं पहिलं येन-कर्ज १९५८ मध्ये दिलं, ते भारताला. हे तिनंच मला सांगितलं. मला ठाऊक नव्हतं. तिथे माझ्यापुरता निर्णय झाला होता.

तरी दोन गोष्टी मी कडक शब्दांत सांगितल्या. भाषा हवीच. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, लांब जायला नको. पण जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्यांतली एन-५ ही सगळ्यांत खालची. तिच्या प्रमाणपत्रावर कोणी नोकरी देत नाही. जाहिरातींत बहुधा एन-३, एन-२ मागतात, आणि तिथवर जायला काही वर्षं जातात. जपानीबरोबर कोरियनही करते म्हणाली, तिला मी नाही म्हटलं. दुसरं म्हणजे, संख्याशास्त्र आणि इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवर अर्थशास्त्र तपासून बघणं) टाळायचं नाही. आकडे न येणारा अर्थशास्त्राचा पदवीधर मायनर कुठलाही असला तरी अडतोच.

शिवाय शिकवतंय कोण, ते आधी बघ म्हटलं. मागे एका मुलाला मी पुस्तिका वाचून उत्साहानं होकार दिला होता. प्रत्यक्षात पूर्ण विभागाला एकच पाहुणे प्राध्यापक, निम्मे पेपर कागदावरच. तेव्हापासून शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांशी बोलून आल्याशिवाय मी कोणाला हो म्हणत नाही. ती तिघांशी बोलून आली.

मायनर घेतला. आग्नेय आशियाच्या राजकारणात ग्रेड घसरला, पेपर रटाळ होता असं तिचं म्हणणं. एकदा नापास होऊन डिसेंबरात एन-४ निघाली. शनिवारी तिघंही परत येणार आहेत, चौथं वर्ष करायचं की नाही ते ठरवायला. बाबांनी फोनवरच विचारून ठेवलंय, त्या वर्षाची फी किती.