वाचकांचे प्रश्न : एबोनाइटचे पेन मागवताना

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होत आहेत. ते आजही शाईपेननेच लिहितात, म्हणून सगळ्या शिक्षकांनी मिळून त्यांना हाताने घडवलेले एबोनाइटचे, म्हणजे कडक रबराचे, पेन द्यायचे ठरवले आहे. कारागिराला फोटो पाठवला की पुरे का? आणि पेनावर सरांचे नाव मराठीत कोरून मिळेल का?
– एक वाचक, मडगाव

फोटोवरून रंग कळतो, माप कळत नाही. लेथवर दांडा कातणारा कारागीर तुम्ही लिहून दिलेल्या मिलिमीटरप्रमाणे काम करतो. जे लिहिले नाही ते तो स्वतःच्या सवयीने ठरवतो, आणि पुष्कळदा पेन अपेक्षेपेक्षा जाड येते. म्हणून सर सध्या ज्या पेनने लिहितात तेच मोजा. बोटे टेकतात त्या पकडीचा व्यास सगळ्यात महत्त्वाचा. व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी पकडीभोवती एकदा गुंडाळून खूण करा, लांबी मोजा आणि तिला ३.१४ ने भागा. पट्टी ३८ मि.मी. भरली तर व्यास साधारण १२ मि.मी. बहुतेक हातांना १० ते १२ मि.मी. पकड मानवते. त्यानंतर टोपण काढून पेनाची लांबी (१२५ ते १३० मि.मी. बरी), टोपण लावून लांबी आणि नळीचा सर्वात जाड भाग लिहा. पेन सदऱ्याच्या खिशात लावायचे असेल तर क्लिप हवी हे स्पष्ट सांगा, कारण पुष्कळ नमुने क्लिपशिवायच घडवतात. लिहिताना टोपण मागे खोचायची सवय असेल तर तेही कळवा. अनेक हातघडीच्या पेनांचे टोपण मागे बसतच नाही. बसले तरी तोल मागे जातो आणि नळीवर गोल ओरखडा उठतो.

रंगाआधी निब ठरवा. भारतीय कारागीर स्वदेशी निबही बसवतात आणि जोवो, बॉक, श्मिट या जर्मन कंपन्यांच्याही. मोठ्या पेनाला ६ क्रमांकाची निब शोभते, बारीक पेनाला ५ क्रमांकाची. निब, तिच्याखालची शाई आणून देणारी जीभ आणि बाहेरची कडी असा तयार संच आट्यांवर फिरवून बसवलेला असेल तर पुढे निब बदलणे सोपे जाते. मात्र जोवो आणि बॉक यांचे आटे एकमेकांत बसत नाहीत, म्हणून बिलावर कंपनी आणि क्रमांक दोन्ही लिहून घ्या. काही वर्षांनी निब वाकली तर हाच कागद उपयोगी पडेल.

देवनागरी लिहिणाऱ्याने निबेची जाडी जरा विचार करून घ्यावी. रोमन अक्षरांना शोभणारी ब्रॉड (जाड) निब आपल्या क्ष, ज्ञ, श्र यांच्या गाठी शाईने भरून टाकते. एकेरी वहीतल्या नेहमीच्या अक्षराला फाइन (बारीक), थोडे मोठे लिहिणाऱ्याला मीडियम. १.१ मि.मी. स्टब, म्हणजे रुंद, चपट्या टोकाची निब, अनेकांना मोहात पाडते. ती सरळ धरली तर शिरोरेषा बारीक आणि काना जाड येतो, दिसतेही छान. पण बोरूने गिरवलेल्या वळणाची अपेक्षा ठेवू नका. बोरूचा कत (टोकाचा छेद) तिरका असतो आणि स्टबचे टोक सरळ कापलेले, त्यामुळे तिरक्या रेघांतला जाड-बारीकपणा बोरूसारखा येत नाही. सर मोडी किंवा सुलेखन करत नसतील तर भेट म्हणून फाइनच द्या.

नाव कोरून मिळते, सगळेच कारागीर मात्र ते करत नाहीत, आधी विचारा. मजकूर व्हॉट्सअपवर टाइप करून पाठवू नका. कोरणाऱ्या यंत्राच्या फाँटमध्ये जोडाक्षरे फुटतात, ‘प्रा.’ चे ‘प् रा.’ होते, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते. चांगल्या मराठी फाँटमध्ये नाव बसवून त्याचे चित्र किंवा पीडीएफ पाठवा आणि कोरण्याआधी नमुन्याचा फोटो मागा. एकदा कोरलेली रेघ पुसायची तर नळीची जाडी कमी करावी लागते. टोपणापेक्षा नळीवर कोरणे बरे. टोपण आट्यांवर कुठे थांबेल ते झीज झाल्यावर बदलते आणि क्लिपशी जुळवलेले नाव सरकलेले दिसते.

कारागीर कुठले? राजमहेंद्रीचे रत्नम हे १९३० च्या दशकातल्या स्वदेशीच्या काळापासूनचे नाव. त्याच गावात गायडर, चेन्नईत गामा आणि आसा, तिरुवल्लूरला रंगा, हैदराबादला डेक्कन, केरळात किम, आणि आपल्याला जवळचे म्हणजे पुण्याचे फॉस्फर. प्रत्येकाचे वळण वेगळे आहे. पैसे पाठवण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: पेन शाई भरून लिहून पाहिले जाईल का, माप चुकले तर परतीचे टपाल कोण भरणार, आणि पेन कोणत्या तारखेला रवाना होईल. रांगेमुळे काही आठवड्यांचे काही महिने होतात. निरोप समारंभाची तारीख ठरली असेल तर आजच कळवा.

ड्रॉपरने शाई भरायचे पेन घेतले. पहिले काही दिवस झकास चालते, मग अचानक कागदावर थेंब पडतो. आटे तर घट्ट आहेत. पेन सदोष आहे का?
– एक वाचिका, म्हापसा

पेन बहुधा ठीक आहे, हवेचा खेळ आहे. नळीतच थेट शाई भरणाऱ्या पेनात दोन ते तीन मि.लि. शाई मावते. ती निम्मी संपली की उरलेल्या जागेत हवा येते. हाताच्या किंवा खिशाच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला जिभेतून बाहेर ढकलते. हिशेब असा: दीड मि.लि. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे ०.०५ मि.लि. ने वाढते, म्हणजे बरोबर एक थेंब. एसी कार्यालयातून पणजीच्या उन्हात आलात की एवढा फरक सहज पडतो. जिभेच्या खाचा थोडी जास्तीची शाई धरून ठेवतात, त्या भरल्या की थेंब सुटतो.

उपाय साधा आहे. शाई एक तृतीयांश उरली की पुन्हा भरा, तळ गाठू देऊ नका. बाहेरून आल्यावर टोपण काढण्याआधी पेन निब वर करून मिनिटभर धरा. विमानाने जाताना नळी काठोकाठ भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवा आणि निब वरच असू द्या.

थेंब निबेवरून न पडता पकड आणि नळीच्या सांध्यातून झिरपत असेल तर तो दोष आट्यांचा. तिथे शुद्ध सिलिकॉन ग्रीस लावा, काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढे, तेही आतल्या तीन-चार आट्यांवरच. गोव्यात स्कूबा डायव्हिंगचे साहित्य विकणाऱ्यांकडे हे ग्रीस मिळते, ते लोक ओ-रिंगसाठी, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कडीसाठी, तेच वापरतात. व्हॅसलीन नको, त्याने रबराची ओ-रिंग फुगते. ग्रीस जास्त झाले तर जिभेपर्यंत पोचते आणि तिथे शाई चढतच नाही.

रोज खिशात पेन आणि सतत प्रवास असेल तर पुढच्या वेळी कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी सुटी छोटी नळी) बसेल असे पेन मागवा. शाई एक मि.लि. हूनही कमी मावते, पण हवाही तेवढीच कमी.

काळेभोर पेन वर्षभरात शेवाळी-तपकिरी झाले. साफ करायला कोमट पाण्यात बुडवून ठेवत होते. पूर्वीचा रंग परत येईल का?
– एक वाचिका, फोंडा

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून, तासन्‌तास तापवून कडक केलेले रबर. साध्या रबरात गंधक काही टक्केच असते, इथे ते पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त. ऊन आणि ओल मिळाली की पृष्ठभागावरचे गंधक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते, तिथे सूक्ष्म प्रमाणात आम्ल तयार होते आणि काळा थर तपकिरी पडतो. गरम पाण्याने हे काम काही मिनिटांतही होते. नेहमीचा घासल्यावर येणारा गंधकाचा वास मात्र दोष नव्हे, तो या वस्तूचा स्वभावच आहे.

रंग परत आणायचा तर वरचा थर घासूनच काढावा लागतो. हे काम पेन घडवणाऱ्याकडेच सोपवा. घरी पॉलिश पेपर चालवला तर नक्षी आणि कोरलेले नाव बोथट होते, आट्यांजवळचा भाग पातळ होतो.

यापुढे पेन बुडवू नका. पकडीचा भाग सोडवा आणि रबरी फुग्याच्या पिचकारीने साधे गार पाणी जिभेतून तीन-चारदा काढा, लगेच पुसा. पावसाळ्यात पेन खिडकीत किंवा भिंतीलगतच्या कपाटात न ठेवता सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात, अंधारात ठेवा. त्या डब्यात चांदीची वस्तू नको, गंधकाने ती काळी पडेल.

नवे पेन आले, पण दोन ओळी लिहून शाई अडते. जीभही एबोनाइटचीच आहे.
– एक वाचक, डिचोली

आधी धुवा. घडवतानाचे तेल जिभेच्या खाचांत राहते. भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब घातलेले गार पाणी आतून काढा, मग नुसते पाणी. तरीही अडली तर पेन उजेडासमोर आडवे धरून पाहा. निब आणि जीभ यांच्यात फट दिसली तर शाई तिथेच तुटते. एबोनाइटची जीभ उष्णतेने नरम होऊन निबेला चिकटवता येते: नुकत्याच उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात फक्त निब आणि जिभेचे टोक वीस-तीस सेकंद धरा, फडक्यातून अंगठ्याने निब जिभेवर दाबा, दाबलेल्या अवस्थेतच गार पाण्यात घाला. पकडीला गरम पाणी लागू देऊ नका, कारण वरच्या उत्तरात दिलेले आहेच. फट नसेल तर भिंगातून निबेची दोन टोके एका पातळीत आहेत का पाहा. वरखाली असतील तर स्वतः वाकवू नका, कारागिराला फोटो पाठवा.