शब्द पाठ आहेत, पण बोलायचा धीर होत नाही

"शब्द पाठ आहेत, अर्थही ठाऊक आहेत, पण चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की तोंडातून एक शब्द फुटत नाही. आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बोलेन." ही तक्रार मी विद्यार्थ्यांकडून ऐकली आहे, तशीच मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांकडूनही. म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका बाईंबरोबरच्या अनेक भेटींचे सार येथे मांडते. त्यांची ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याकडे शब्दांची एक वही होती. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते: शब्द, अर्थ आणि उदाहरण. शेवटच्या पानावर 'एम्बोल्डन' हा शब्द होता. त्यापुढे 'धीर देणे, हिंमत वाढवणे' असा अर्थ आणि विजयामुळे सैन्याला चेव आल्याचे एक वाक्य सुवाच्य अक्षरांत उतरवले होते.

मी विचारले, "हा शब्द कधी वापरलात?"

"नाही, मॅडम. अजून पक्का झालेला नाही."

"पक्का झाला, हे कसे कळेल?"

"न अडखळता बोलता येईल तेव्हा."

"आणि बोलायला सुरुवात कधी करणार?"

"पक्का झाल्यावर," असे म्हणून त्या थांबल्या. आपल्याच दोन उत्तरांनी आपली वाट अडवली आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

पुढच्या भेटींत आम्ही कार्यालयातल्या बैठकांबद्दल बोललो. प्रश्न मनात तयार असायचा, पण ऐन वेळी त्या गप्प बसत आणि तत्काळ हायसे वाटे. माझ्या मते खरी मेख या हायसे वाटण्यातच आहे. टाळल्याबरोबर भीती उतरते, त्यामुळे 'गप्प बसलो म्हणून वाचलो' असा धडा मन घेते आणि पुढच्या खेपेला भीती आधीपेक्षा लवकर येते. यात बुद्धीचा किंवा अभ्यासाचा काही दोष नसतो. परक्या भाषेत बोलण्याची धास्ती ही स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी गोष्ट आहे, असे भाषाशिक्षणाच्या अभ्यासक इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच मांडले होते.

एके दिवशी ती वही पुन्हा चाळताना माझ्या लक्षात आले की इतक्या पानांत 'मी'ने सुरू होणारे एकही वाक्य नाही. सारी वाक्ये सैन्याची, राजांची, अनोळखी माणसांची होती. मी वही मिटली आणि म्हटले, "हाच शब्द घेऊन तुमच्या आयुष्यातले एक वाक्य सांगा. चुकीचे असले तरी चालेल."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मीही सुचवले नाही, कारण अशा वेळी मदतीला धावून जाणे म्हणजे समोरच्याची संधी काढून घेणे, असे मला ठामपणे वाटते. मग एका बैठकीत शेजारच्या सहकारिणीने अडखळत का होईना प्रश्न विचारला आणि त्यानंतर आपणही विचारला, तो प्रसंग त्यांना आठवला. त्या म्हणाल्या, "हर क्वेश्चन एम्बोल्ड..." आणि चेहरा उतरला. चूक झाली होती. क्षणभराने, माझ्याकडे न पाहताच, त्या पुढे म्हणाल्या, "...एम्बोल्डन्ड मी टू आस्क माइन."

माझ्या कामातला हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. वाक्य बरोबर आले याचे मोल तुलनेने कमी आहे. चूक झाल्यावरही वाक्य सोडून न देता त्यांनी ते शेवटास नेले, हे मोठे. चुकीनंतरही आपण बोलत राहू शकतो, हा पुरावा त्यांना स्वतःकडूनच मिळाला.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचे जे स्रोत सांगितले, त्यांत स्वतः करून पाहिल्याचा अनुभव सर्वांत प्रभावी मानला आहे. आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणे हाही त्यातलाच एक स्रोत, आणि सहकारिणीच्या प्रश्नाने नेमके तेच काम केले होते. 'तुला जमेल' अशा शब्दांचाही उपयोग होतो, पण त्यावर फार काळ तग धरता येत नाही. म्हणून आत्मविश्वासाची वाट पाहत बसू नका, असे मी आग्रहाने सांगते. तो बहुधा कृतीच्या मागून येतो.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असे लोक म्हणतात, पण पाणी किती खोल असावे हे ठरवायला नको का? नव्या शब्दाचे पहिले वाक्य स्वतःबद्दलचे करा आणि एकट्याने मोठ्याने म्हणा, मग विश्वासातल्या एखाद्या माणसाला ऐकवा, आणि त्यानंतरच तो शब्द बैठकीत किंवा वर्गात आणा. वही पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा ती मिटून शब्द आठवून पाहा. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे सरस ठरले, पण आठवड्यानंतर आठवण्याचा सराव केलेल्यांच्या लक्षात अधिक राहिले. वाचताना सगळे येते असे वाटणे फसवे असते, ते यामुळेच.

घरच्यांनी आणि शिक्षकांनी वाक्य पूर्ण होईपर्यंत उच्चार दुरुस्त करू नयेत. मात्र बोलण्याच्या नुसत्या कल्पनेने झोप उडत असेल, छाती धडधडत असेल किंवा शिक्षण अथवा नोकरी सोडावीशी वाटत असेल, तर हा सराव एकट्याने रेटू नये. समुपदेशकाच्या सोबतीने तो सुरू करावा.