गाडी थांबेल, आधी मार्चचा हप्ता थांबवा

दादरच्या हिंदू कॉलनीतून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 46, खासगी नोकरी, आई 71 वर्षांची, बहीण पुण्याला. आजोबांनी 1952 साली घेतलेली एमजी टीडी, म्हणजे दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार, इमारतीच्या गॅरेजमध्ये तीस-पस्तीस वर्षं उभी आहे. इमारत आता पुनर्विकासाला चालली आहे आणि चार महिन्यांत गॅरेज रिकामं करायचंय. एका कारागिराने गाडी चालू करून द्यायचे 18 लाख सांगितले आहेत. वाचकांचा बेत असा, की सध्या पर्सनल लोन काढायचं, ‘दोन वर्षांनी आईच्या पॉलिसीचे 20 लाख येतील’ तेव्हा ते फेडायचं, आणि पुढे गाडी लग्नांना, शूटिंगला भाड्याने देऊन खर्च वसूल करायचा. प्रश्न एवढाच, की गाडी दुरुस्त करावी की विकावी?

गाडीकडे येतोच. पण आधी ते 20 लाख.

तुम्ही पॉलिसीची पानं जोडलीत हे फार बरं केलंत. तीन वर्षांपूर्वी पॉलिसी घेताना बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने सांगितलं, ‘एफडीसारखंच आहे, पाच वर्षं तीन-तीन लाख भरा आणि 20 लाख घेऊन बाहेर पडा.’ पहिल्याच पानावर छापलंय ते वेगळं आहे. हप्ते 10 वर्षं, मुदत 20 वर्षं, शेवटी 55 लाख. पाचव्या वर्षाच्या ओळीत सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारा, हमी आकडा आहे 7.5 लाख, म्हणजे भरलेल्या 15 लाखांच्या निम्मे. दोन वर्षांनी तुमच्या हातात येणार ते हे साडेसात.

आता लोन. 18 लाख, पाच वर्षं, 13 टक्के धरा. महिना 41 हजारांचा हप्ता. दोन वर्षं भरल्यावरही 12 लाख शिल्लक राहतात. साडेसात लाखांत 12 लाख फिटत नाहीत, आणि त्या साडेसातसाठी आईच्या एफडीतून आणखी दोन हप्ते, म्हणजे 6 लाख, जायचे आहेतच. हा बेत इथेच संपतो.

नवरा जाऊन दोन महिने झालेत, पीएफचे पैसे नुकतेच खात्यात आलेत, अशा 68 वर्षांच्या बाईंना 20 वर्षांची पॉलिसी विकायची, आणि त्यांचं वय बसत नाही म्हणून विमा मुलाच्या नावावर काढायचा! मी याला फसवणूकच म्हणतो. अशी पत्रं वरचेवर येतात आणि दर वेळी तितकाच संताप होतो. आईंना व्याज हवं होतं. त्यांच्या गळ्यात दर मार्चला तीन लाखांचं देणं पडलं.

पॉलिसी पूर्ण चालवली तर काय? 10 वर्षांत 30 लाख भरून विसाव्या वर्षी 55 लाख. वर्षाला 4 टक्क्यांच्या आसपास. हेच हप्ते साध्या 7 टक्क्यांनी वाढले तर 87 लाख होतात. ‘गॅरंटीड’ हा शब्द खरा आहे, पण गॅरंटी 4 टक्क्यांची आहे.

आज सरेंडर केलीत तर तीन हप्त्यांवर हमी 35 टक्के, म्हणजे 9 लाखांतले 3 लाख 15 हजार. कंपनी थोडे जास्त देईलही, पण चार लाखांच्या फार पुढे जाईल असं वाटत नाही. त्यापेक्षा हप्ते बंद करून पॉलिसी पेड-अप होऊ द्या, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच ती मुदतीपर्यंत चालू राहील. दहापैकी तीन हप्ते भरलेत, म्हणजे विसाव्या वर्षी ढोबळमानाने 16 लाख. सरेंडरचे चार लाख 7 टक्क्यांनी 17 वर्षं ठेवले तर 12-13 लाखच होतात. गेलेल्या पैशाला हाच त्यातल्या त्यात चांगला भाव आहे. पेड-अपचा नक्की आकडा कंपनीकडून लेखी मागवा. उरलेले सात हप्ते भरण्याचं मात्र काहीच कारण नाही.

आणि तक्रार करा. ‘5 वर्षं, 20 लाख’ असा व्हॉट्सॲप मेसेज आहे म्हणता, तो जपून ठेवा. आधी बँकेला आणि विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, पूर्ण 9 लाख परत मागा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर विमा लोकपालांचं, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांचं, कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. सही केली होती हे तुमच्या विरुद्ध जाईल, पण तो मेसेज तुमच्या बाजूने आहे.

आईंच्या उरलेल्या 26 लाखांतले 20 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 41 हजार त्यांच्या खात्यात येतील. उरलेले सहा एफडीत, दवाखान्यासाठी, कारण त्यांचा आरोग्य विमा तुमच्या ऑफिसचाच आहे आणि तो तुमच्या नोकरीइतकाच टिकतो.

आता गाडी. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही आणि आरसी अजून त्यांच्या नावावर आहे. म्हणजे गाडी आई, बहीण आणि तुम्ही अशा तिघांची, सारख्या वाट्याने. बहिणीशी बोलणं झाल्याचं पत्रात कुठेच नाही. आधी ते करा, मग आरटीओत नाव बदला.

भाड्याचं उत्पन्न विसरा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. आधीच नोंद झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ही त्यातली चांगली गोष्ट. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. धंद्यासाठी नाही.

18 लाखांवरही माझा विश्वास नाही. टीडीचा पत्रा लाकडी चौकटीवर बसवलेला असतो. तुमच्या फोटोत डावं दार बिजागरीपासून खाली झुकलंय आणि त्याच्या कडेची फट वर बोटभर, खाली शून्य आहे. याचा अर्थ आतलं लाकूड गेलंय, आणि मुंबईच्या दमट हवेत ते एकाच ठिकाणी गेलेलं नसतं. पत्रा न उघडता दिलेला हा आकडा आहे. मनात 25 धरा. आणि नंतर चाळीस लाखांना विकू म्हणाल, तर अशा 30 हजारांच्या आसपास गाड्या बनल्या, बहुतेक अमेरिकेत गेल्या. दुर्मीळ म्हणून भाव चढत राहील अशी ही गाडी नाही.

तरीही आज विकू नका. चार महिन्यांची घाई आहे हे समोरच्याला कळलं की तो भंगाराच्या आसपासचा भाव देणार. आजोबांची गाडी तशी जाऊ नये असं मलाही मनापासून वाटतं. बहिणीच्या पुण्याच्या बंगल्यात शेड आहे म्हणता, ती तयार असेल तर गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट ट्रकवर, घालून तिकडे न्या. तिथली हवा लाकडाला बरी. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, गाडी स्टँडवर उचलून ठेवा, आणि कोणालाही हौसेने इंजिन फिरवू देऊ नका. तीस हजारांत हे सगळं होईल. मग लाकूड उघडून नीट अंदाज घ्या, आणि आईंच्या पैशाला हात न लावता तिघांनी वर्षाला दोन-तीन लाख काढता येतात का ते बघा. येत नसतील तर सावकाशीने, चांगल्या हाती विका.

बिल्डरच्या करारात गॅरेजच्या बदल्यात पार्किंग लिहून घेतलंय का, तेही सही करण्याआधी तपासा.

चौथा हप्ता 15 मार्चला कापला जाईल. आईंच्या खात्यावरचा ऑटो-डेबिट त्याआधी, बँकेत स्वतः जाऊन, लेखी अर्ज देऊन बंद करा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. ‘मॅडम, एवढा एक हप्ता भरा, मग बघू’ असं तिथे म्हणतील. भरू नका.