अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्हांना सरकारी आरोग्यसेवा का नको असते?

तुम्ही विचारलंय, "आजारी माणसाचा खर्च सरकारने केला तर या लोकांचं काय जातं?" मी चौदा वर्षं टेक्सासमध्ये राहतोय. इथे आलो तेव्हा मलाही हेच वाटायचं.

सरकारी आरोग्यसेवा म्हटलं की आपल्याला जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल आठवतं. इथे तसं नाही. १९६५ साली आलेल्या मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या योजनांत सरकार बिल भरतं. डॉक्टर आणि हॉस्पिटलं बहुतेक खासगी. स्वतःची मोठी हॉस्पिटलं सरकार चालवतं ती प्रामुख्याने माजी सैनिकांसाठी. विरोधकांची भीती समजून घ्यायची तर तिथलं २०१४ सालचं ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहराचं प्रकरण बघा. सैनिक महिनोन्महिने ताटकळत होते आणि कागदावर मात्र थोडेच दिवस थांबावं लागतं असं दाखवलं जात होतं. खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना जावं लागलं.

माझे शेजारी सत्तरी ओलांडलेले, माजी सैनिक, पक्के रिपब्लिकन, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांच्या पक्षाचे. ते म्हणतात, "माझा डॉक्टर कोण, हे ऑफिसातला कारकून ठरवणार असेल तर ते मला नको." पण मेडिकेअरला हात लावलेला त्यांना चालत नाही, कारण त्यासाठी त्यांनी आयुष्यभर पगारातून कर भरलाय. कमावलेला हक्क वेगळा आणि फुकट मिळालेली मदत वेगळी, असा हा हिशोब आहे. तो मला पूर्ण पटत नाही, पण त्यात दुष्टपणा नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

राग येतो तो त्यांच्या नेत्यांचा. २०१० साली ओबामाकेअरला, म्हणजे जास्त लोकांना आरोग्यविमा मिळावा म्हणून ओबामांनी आणलेल्या कायद्याला, एकाही रिपब्लिकनाने मत दिलं नाही. ठीक, तो त्यांचा अधिकार. २०१७ साली सगळी सत्ता हाती असूनही तो कायदा रद्द करता आला नाही. त्यांच्याच पक्षाचे जॉन मॅकेन यांनी भर सिनेटमध्ये अंगठा खाली करून विरोधात मत दिलं. मग पर्याय कुठे आहे? २०२४ च्या वादचर्चेत ट्रम्प यांना हेच विचारलं, तर म्हणाले, योजनेच्या 'संकल्पना' आहेत. २०२५ साली ओबामाकेअरचा विमा घेणाऱ्यांना हप्त्यात मिळणाऱ्या वाढीव सवलतींवरून सरकार ४३ दिवस बंद राहिलं आणि वर्षअखेर त्या सवलती संपल्याच.

दुसरी गोष्ट जास्त लागते. जुलै २०२५ च्या कायद्यानुसार, ज्या राज्यांनी ओबामाकेअरखाली मेडिकेड आणखी गरीब प्रौढांपर्यंत वाढवलं तिथल्या अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास कामाचा पुरावा द्यावा लागेल. राज्यांना मुदत आहे जानेवारी २०२७ पर्यंत. आर्कान्सा राज्यात हे २०१८ साली करून झालंय. काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला, पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी ती अट थांबवली. हे सगळे आळशी होते का? कित्येक जण कामावर जात होते, फक्त माहिती भरू शकले नव्हते. ती सुरुवातीला केवळ ऑनलाइन भरायची होती, आणि वेबसाइट रात्री नऊला बंद व्हायची.

हे मी शेजाऱ्यांना सांगितलं. म्हटलं, तुम्हाला ज्या कारकुनाची धास्ती वाटते, तोच आता दोन पाळ्या करणाऱ्या बाईच्या डोक्यावर बसवलाय. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "रात्री नऊला का बंद?"