लहान वर्गातल्या मुलांना बागकाम आणि निसर्गफेरीतून झाडांबद्दल खरंच काही कळतं का? बाग चांगली दिसावी म्हणून नर्सरीतून तयार रोपं आणली तर चालेल का?

कळतं, भरपूर कळतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही चालणार. खरं म्हणजे या दुसऱ्या प्रश्नामुळेच मी लिहायला बसले, पहिल्याची उत्तरं तुम्हाला इथे ढिगाने मिळतील.

मी तिसरीला शिकवायचे तेव्हाची गोष्ट. शाळेच्या मागे पडीक जागेचा एक पट्टा होता, तो मुलांनीच खुरप्यांनी उकरून वाफे केले, आणि गटागटाने बिया पेरल्या, मुळा, घेवडा, मका, सूर्यफूल, झेंडू. आता बाग म्हणजे काय हो, एका गटाने हौसेने येता जाता इतकं पाणी ओतलं की रोपं मातीलगत कुजून आडवी झाली. दुसऱ्या गटाने पाणी घालायचं कोणी यावरच भांडण केलं, त्यांचा वाफा वाळला. घेवड्यावर मावा पडला. म्हणजे बघणाऱ्याला तो वाफा भिकार दिसत होता, हे मान्य. पण त्या वाफ्यापाशी मुलं काय बोलत होती ते कोणी ऐकायला हवं होतं! मुंग्या दिसल्या म्हणून अर्धा वर्ग म्हणत होता की मुंग्या झाड खातायत, मारा त्यांना. एक मुलगा, वर्गात कधी तोंड न उघडणारा, भिंग घेऊन पोटावर झोपला आणि म्हणाला बाई, मुंग्या पान खात नाहीयेत, त्या हिरव्या किड्यांच्या मागे मागे फिरतायत. बरोबर होतं त्याचं. मावा पानातला रस शोषतो आणि अंगातून गोड चिकट थेंब टाकतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि माव्याची राखण पण करतात. नंतर कधीतरी तिथे लेडीबग आले आणि मावा खायला लागले, तेव्हा तर मधल्या सुट्टीत डबा खायला कोणी वर्गात थांबेना.

आणि मग पालकांना शाळा दाखवायचा दिवस आला. आमच्या एक सीनियर बाई होत्या (शाळेचं नाव विचारू नका), त्यांनी आदल्या संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर सगळा पट्टा साफ करून घेतला. कुजलेली, वाळलेली, माव्याची, चांगली सुद्धा, सगळी रोपं उपटून टाकली आणि नर्सरीतून आणलेली फुललेली झाडं काळ्या पिशव्यांसकट ओळीने पुरली. वर गटांच्या नावाच्या पाट्या मात्र मुलांच्याच ठेवल्या! सकाळी मुलं आली. काही खूष झाली, खोटं कशाला बोलू. एक मुलगी आपलं सूर्यफूल शोधत होती, तिने एक झाड जरा हलवलं तर ते पिशवीसकट हातात आलं. आणि एकाने मला अगदी गंभीरपणे विचारलं, की ही फुलं एका रात्रीत आली तर आपली का नाही आली, आपण काय चुकलो? मी काय सांगणार होते त्याला, पालक समोर उभे.

बाईंचं म्हणणं, "पालक काय मेलेली रोपं बघायला येतात? आणि मुलं हिरमुसतात." मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, मुलं मेलेल्या रोपाने हिरमुसत नाहीत. ती त्याला काडीने उकरतात, मूळ बघतात, वास घेतात, आणि कोणामुळे मेलं यावर कचाकचा भांडतात. त्या भांडणातच सगळं शिकणं आहे. जास्त पाण्याने रोप का मरतं? कारण मुळांना पण हवा लागते, मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की हवा संपते आणि मुळं सडतात. हे धड्यात वाचून मुलं विसरतात, ज्याने स्वतःचं रोप बुडवलंय तो विसरत नाही. तयार फुललेलं झाड आणलंत तर मुलाला करायला उरतं काय, पाणी घालणं आणि फोटो काढणं.

बाईंचा दुसरा मुद्दा होता की ही सगळी नवीन फॅडं आहेत. नवीन? फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० साली तिला किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं, आणि त्याच्या आराखड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा होता आणि शिवाय सगळ्यांचा मिळून एक वेगळा. तिथे मुलाने पेरलेलं उपटून दुसरं लावायची सोय होती असं माझ्या तरी वाचनात नाही.

अजून एक. त्याच बाईंच्या वर्गात भिंतीवर तक्ता होता, "झाडाची मुळे मातीतून अन्न घेतात". हे चूक आहे, आणि मोठ्यांच्या पण डोक्यात हेच असतं. व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसाने वजन केलेल्या मातीत साधारण ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, मातीचं वजन घटलं जेमतेम २ औंस. १६४८ साली हे छापून आलंय. त्याला वाटलं झाड पाण्याचंच बनलं, ते अर्धंच खरं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता. पण तिसरीच्या मुलांना "मग एवढं झाड आलं कुठून?" असं विचारून बघा, वर्ग उसळतो. मातीतून झाड पाणी आणि क्षार घेतं, अन्न पानात बनतं, एवढं या वयाला पुष्कळ झालं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. बी मोठं घ्या, लहान बोटांना धरता येईल असं. घेवडा, मका, वाटाणा, सूर्यफूल. गाजर नको, बी बारीक आणि उगवायला कधी कधी दोन तीन आठवडे घेतं, तोवर मुलांनी तीनदा उकरून पाहिलेलं असतं. मुळा घ्या, लवकर येणारा मुळा २५-३० दिवसांत उपटता येतो. घेवडा आणि वाटाणा शेजारी शेजारी पेरा, घेवडा आपली दोन्ही दलं (बीचे दोन अर्धे भाग) मातीच्या वर घेऊन येतो आणि वाटाण्याची दलं मातीतच राहतात, हे मुलांना तुम्ही न सांगता दिसतं, तुम्ही फक्त गप्प बसा. काही बिया अंधारात ठेवा, त्या पण उगवतात, फक्त लांबुळक्या पिवळ्या होतात. उगवायला ऊन लागतं असं म्हणणारं मूल प्रत्येक वर्गात असतं (आणि शिक्षकही).

निसर्गफेरीबद्दल थोडक्यात. लांब बस करून नेऊ नका. रांगेत उभं करून पंचवीस झाडांची नावं लिहून घेतली की ती नावं संध्याकाळपर्यंत गेलेली असतात. चालत जाता येईल असं एकच झाड पकडा आणि वर्षभर त्याच झाडाकडे जा, कधी पानं गळतात, कधी नवी पालवी येते, खोडावर कोण राहतं, खाली काय पडलंय. लाजाळू सापडली तर तासभर तिथेच घालवा, पुन्हा पुन्हा हात लावल्यावर ती मिटायची कमी होते ते मुलांनाच शोधू द्या. पडलेलं काहीही उचलू द्या. "हात लावू नका" हे वाक्य कमीत कमी वापरा.

कमीत कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, हे आधीच लिहायला हवं होतं खरं. कण्हेर, गुंजेच्या बिया, एरंडाच्या बिया यांना हात लावू देऊ नका, विषारी असतात आणि गुंज दिसायला इतकी सुंदर की मूल तोंडात घालणारच. पाकिटातलं गुलाबी निळं रंगवलेलं बी पण मुलांच्या हातात नको, त्यावर औषध चोळलेलं असतं. दम्याची मुलं आधी विचारून घ्या. मातीत काम झालं की साबणाने हात. आणि नर्सरीची रोपं कधीच आणू नका असंही नाही, एखादं मोठं झाड लावायचं असेल तर जरूर आणा, फक्त मुलांसमोर आणा, पिशवी मुलांना फाडू द्या, आणि ते "मुलांनी उगवलेलं" म्हणून पाहुण्यांना दाखवू नका.

मोठ्या सुट्टीच्या तोंडावर काही पेरू नका, मुळा सुट्टीआधी उपटून होईल असा हिशेब धरा. सुट्टीत मी घालेन पाणी असं कोणी कितीही ठामपणे म्हणालं तरी. आमच्याकडे कोण म्हणालं होतं ते तुम्ही ओळखलं असेलच.