वावर आणि वीज : बाग ठेवा, बरड द्या

प्रश्न : काकाजी, आमचं सात एकर वावर आहे. चार एकरांत संत्रा, बाकी तीन एकर मुरमाड बरड. सोलर प्लांटसाठी जागा शोधणारा एक माणूस येऊन गेला. म्हणतो, सातही एकर द्या, एकरी पन्नास हजार वर्षाला. वर पॅनल, खाली तुमची शेती सुरूच. वडील नाही म्हणतात, माझं मन डळमळतं. पॅनलखाली संत्रा टिकेल का?
— एक वाचक, नरखेड तालुका

उत्तर : भाऊ, वडिलांचं ऐका, पण अर्धंच.

दर हवेतला नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आहे, शिवाय दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजारच. संत्र्याचा आंबिया बहार फळगळीत गेला की असा आकडा कोणालाही गोड लागेल.

‘खाली शेती सुरूच’ हे मात्र तपासा. नेहमीच्या प्लांटमध्ये पॅनलची खालची कड कमरेच्याही खाली असते. तिथे शेळी चरेल, डवरा चालणार नाही. खाली पीक घ्यायचं तर पॅनल दहा फुटांवर न्यावे लागतात, ओळी विरळ कराव्या लागतात आणि लोखंडाचा खर्च चढतो. करारात उंची लिहून देता का, एवढंच त्याला विचारा. चहा न घेता उठेल.

आणि संत्रा? त्याचं झाडच पंधरा फुटांवर जातं. सावलीत फुलोरा कमी येतो. पावसाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या मृग बहारासाठी आपण मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण देतो. पॅनलच्या सावलीत काळी जमीन लवकर सुकत नाही, मग ताण बसायचा कसा? वरून बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी पॅनलच्या काचेवर जाईल आणि कंपनी तुमच्याशी भांडेल. बागेवर पॅनल नकोच.

बरडाची गोष्ट वेगळी. एक मेगावॉटच्या प्लांटला साधारण चार एकर लागतात, तुमचे तीन त्याला पुरत नाहीत. त्याचा डोळा बागेवर का आहे, ते यातून कळेल. पण शेतकऱ्यांसाठीच्या केंद्राच्या सौर योजनेत, पीएम-कुसुमच्या ‘अ’ घटकात, ५०० किलोवॉटपासून प्रकल्प बसतो, त्याला दोन एकर पुरतात. विजेचं उपकेंद्र पाच किलोमीटरच्या आत आहे का, हे आधी बघा. नसेल तर पुढचं सगळं विसरा.

असेल, तर माझा जीव ज्यात अडकला आहे ते सांगतो : पाणी. अर्ध्या मेगावॉटच्या पॅनलांचं क्षेत्र साधारण अडीच हजार चौरस मीटर भरतं. आपल्याकडे पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास. गळती-उडती धरूनही वीस लाख लिटर पाणी त्या काचांवरून ओघळतं आणि खालच्या कडेला मुरूम खरवडत धुऱ्याबाहेर जातं. तेच पन्हाळीने धरून पन्नी अंथरलेल्या शेततळ्यात आणलं, तर बाष्पीभवन वजा जाता ठिबकवर तुमची बाग उन्हाळ्यात महिनाभर तरी जगेल. तुमच्याकडे बोअर किती खोल गेले आहेत, हे मी सांगायला नको. जोधपूरच्या ‘काझरी’ या शुष्क शेती संशोधन संस्थेने पॅनलांच्या ओळींमध्ये मूग-मटकी घेऊन वरचं पावसाचं पाणीही साठवलं आहे, तेही वाळवंटात. आपल्याकडे तर मृगाचा पाऊस पडतो, बाप्पा!

म्हणून करारात भाड्याच्या आकड्याखालीच लिहून घ्या : पॅनलवरचं पाणी आणि ओळींमधलं पीक जमीनमालकाचं. जमीन गहाण ठेवून कंपनीने कर्ज काढायचं नाही, आणि मुदत संपल्यावर पाया उखडून द्यायचा, हेही त्यातच घाला. पंचवीस-तीस वर्षांची बाब आहे, तेव्हा सगळ्या वारसांच्या सह्या घ्या आणि दस्त नोंदवा. शंभराच्या स्टॅम्पवर भागवू नका.

प्रश्न : लाइन रात्रीची येते, रानडुकरांच्या भीतीने ओलिताला कोणी जात नाही. वावर साडेचार एकर. सौर पंप घ्यावा का?
— एक वाचक भगिनी, उमरेड

उत्तर : ताई, विहिरीला पाणी असेल तर घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यावर साडेसात; तुमच्या साडेचार एकरांना पाचचा बसतो. पण ही योजना विजेची जोडणी नसलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे; तुमच्याकडे लाइन आहे, तेव्हा मिळेल का ते आधी विचारून घ्या. एक लक्षात ठेवा : उकाडा जितका जास्त तितकी वीज जास्त, असं नसतं. काच-सेल तापले की अंशाला साधारण ०.४ टक्का वीज घटते, आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी पॅनल साठ अंशांच्या वर जातात. म्हणून भर दुपारी पंपाकडून छापील ताकदीची अपेक्षा धरू नका. डुकरांसाठी सौर झटका मशीन लावा. कुंपणात लाइनचा करंट कधीही सोडू नका, माणसं मरतात.

प्रश्न : पॅनलवर पांढरे डाग पडलेत, पुसले तरी जात नाहीत.
— एक वाचक, काटोल

उत्तर : बोअरच्या पाण्याने धुता ना? ते क्षार आहेत. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून मऊ फडक्याने पुसा. नारळाची शेंडी किंवा राख लावू नका. पुढे पावसाचं साठवलेलं पाणी वापरा आणि तेही उजाडता-उजाडता. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो, आणि तो वॉरंटीत बसत नाही म्हणून कंपनी हात वर करते.