चाळिशीच्या आत पेन्शन, पण निवृत्ती अजून वीस वर्षं लांब

नमस्कार चीफ,

तुमचं लांबलचक पत्र आणि सोबतची एक्सेल शीट दोन्ही नीट वाचलं. आधी तुमची गोष्ट थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल. बारावीनंतर आर्टिफिसर म्हणजे तांत्रिक कामाचा नौसैनिक म्हणून नेव्हीत भरती, चिल्काला ट्रेनिंग मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, पुढे विझाग, कोची, कारवार, मुंबई असं करत २० वर्षं इंजिन रूममध्ये काढली, आता चीफ ईआरए (इंजिन रूम आर्टिफिसर) म्हणून डिस्चार्ज घेताय, वय ३९. बायको, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. रत्नागिरीकडे गावी घर बांधलंय, त्याचं ६ लाखाचं लोन बाकी आहे ९ टक्क्यांनी. हातात येणार ग्रॅच्युइटी १० लाख, रजेचे ८, प्रॉव्हिडंट फंड १२, एनजीआयएसचे (नेव्हीचा ग्रुप इन्शुरन्स) ५, म्हणजे ३५ लाख, आणि अर्धी पेन्शन कम्युट केली, म्हणजे विकून एकरकमी घेतली, तर अजून १५. हे सगळे ५० लाख घालून वर ४० लाखाचं लोन काढून पनवेलला ८५ लाखाचा टू बीएचके, वरचा खर्च धरून, घ्यायचा असा विचार आहे. आणि दुसरा प्रश्न, मर्चंट नेव्हीत जावं का नवी मुंबईतली मेंटेनन्सची नोकरी घ्यावी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फ्लॅट आत्ता घेऊ नका, पेन्शन आत्ता विकू नका, आणि नोकरी किनाऱ्यावरची घ्या. आता का ते सांगतो.

तुमच्या शीटमध्ये एक कॉलम आहे 'रिटायरमेंट नंतर' आणि त्यात तुम्ही उद्यापासूनचा खर्च लिहिलाय. तिथेच घोळ आहे बघा. तुम्ही नेव्हीतून रिटायर होताय, कामातून नाही. फौजेतून येणारे बरेच जण ही एकरकमी रक्कम म्हणजे आयुष्याची कमाई, आता हिचं काहीतरी ठोस करून टाकू असं समजतात आणि ठोस म्हणजे घर. पण सिव्हिलमधला माणूस ५८-६० ला जे पैसे बघतो ते तुम्हाला ३९ ला मिळतायत, आणि पुढची २० वर्षं तुम्ही कमावणार आहात. खरी निवृत्ती त्यानंतरची. ती धरून या पैशाकडे बघायला हवं.

आता फ्लॅटचा हिशोब. ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता बसतो ३४,७०० च्या आसपास. तुमची बेसिक पेन्शन २८,०००, महागाई भत्ता धरून ४४ हजाराच्या घरात जाते असं तुम्ही लिहिलंय. अर्धी कम्युट केली की त्यातून १४ हजार जाणार, उरले ३०. म्हणजे नवी नोकरी काही कारणाने सुटली, कंपनीने कॉन्ट्रॅक्ट बंद केलं, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर पेन्शनमधून नुसता हप्तासुद्धा निघत नाही, घर चालवणं तर लांबच राहिलं, आणि बँकेत काही शिल्लक नाही कारण सगळं भिंतीत गेलेलं. २० वर्षं नोकरी करून जी एक गोष्ट मिळवली, दर महिन्याला न चुकता येणारा पैसा, तिचाच आधार पहिल्या महिन्यात काढून घेतल्यासारखं होतं हे. उलट भाड्याने राहिलात तर तुमच्याच आकड्याप्रमाणे २० हजार भाडं, पेन्शन पूर्ण ४४, पगार हातात ४५, म्हणजे ८९ तून २० गेले तरी ६९ उरतात आणि ३५ लाख जागेवर. फ्लॅटवाल्या हिशोबात ७५ तून हप्ता जाऊन ४० राहतात, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा.

अजून एक, जे शीटमध्ये दिसलंच नाही. तुम्ही घरखर्च २५ हजार धरलाय, तो क्वार्टरमधला खर्च आहे. बाहेर आल्यावर वीजबिल, पाणी, प्रवास, शाळेची फी, केबल-इंटरनेट सगळं बाजारभावाने येतं, कॅन्टीन आहे म्हणून किराणा थोडा स्वस्त पडेल पण दर महिन्याला कॅन्टीनपर्यंत जाणं होतं का हेही बघायचं. मी ४० धरून चालतो. वहिनींना विचारून तीन महिन्यांचा खरा खर्च लिहून काढा, त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा बरोबर असेल याची मला खात्री आहे.

आणि नोकरी कुठे टिकेल हे माहीत नसताना घर बांधून ठेवायचं कशाला? फौजेतून आलेल्या माणसाची पहिली सिव्हिल नोकरी बऱ्याचदा बदलते, वर्ष-दोन वर्षांत. कामात कमी पडतात म्हणून नाही, पहिली नोकरी घाईत घेतलेली असते आणि आपल्या कामाचा बाजारभाव तोपर्यंत कळलेला नसतो. गॅस टर्बाइन आणि डिझेल जनरेटर हाताळलेला माणूस पॉवर प्लांट, डेटा सेंटर, मोठी हॉस्पिटलं, बंदरं कुठेही लागतो. उद्या पुण्यात किंवा जयगडला चांगली ऑफर आली तर पनवेलचा हप्ता तुम्हाला बांधून ठेवेल. दोन वर्षं भाड्याने राहा, मग बघू.

आता कम्युटेशन. यावर फौजी ग्रुपमध्ये दोन तट आहेत, एक म्हणतो डोळे झाकून पन्नास टक्के घ्या, दुसरा म्हणतो हात लावू नका. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. तुमच्या वयाला फॅक्टर, म्हणजे रक्कम काढायचा गुणक, ९ च्या जरा वर, म्हणजे १४,००० गुणिले १२ गुणिले ९.०९, झाले १५ लाख २७ हजार. बदल्यात १५ वर्षं महिन्याला १४ हजार कापले जाणार, एकूण २५ लाख २० हजार. हे व्याजाच्या भाषेत बघितलं तर वर्षाला ७.३ टक्क्यांच्या आसपासचं कर्ज झालं. त्यात चांगल्या गोष्टी पण आहेत, मिळणाऱ्या रकमेवर टॅक्स नाही, महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो, आणि मध्येच तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेली कपात तिथेच संपते, वहिनींच्या फॅमिली पेन्शनमधून एक रुपया जात नाही. असं कर्ज कुठली बँक देत नाही हे मान्य.

पण घेऊन करणार काय? एफडीत ठेवणार असाल तर ७.३ ने घेऊन त्याहून कमी व्याजाने ठेवल्यासारखं, सरळ नुकसान. ९ टक्क्याचं लोन फेडायला घेतलं तर फायदा, पण ते लोन ६ लाखाचंच आहे आणि ते ३५ मधून फिटतंय. टॅक्स वाचतो म्हणावं तर पगार आणि पेन्शन मिळून तुमचं वर्षाचं उत्पन्न सव्वाअकरा लाखाच्या आसपास, नव्या टॅक्स रेजीममध्ये ७५ हजाराचं स्टँडर्ड डिडक्शन आणि १२ लाखापर्यंतची सूट धरून टॅक्स असाही शून्यच येतोय. म्हणून आत्ता नको. आणि घाई नाही हे महत्त्वाचं, डिस्चार्जनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर मेडिकल बोर्डाची भानगड नसते. नोकरीत सहा-आठ महिने काढा, महिन्याला किती उरतंय ते बघा. खरंच उरत असेल आणि ते पैसे १५ वर्षं न हलवता चांगल्या इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) ठेवायची तयारी असेल तर तेव्हा थोडं कम्युट करू, माझ्या मते पंचवीस टक्क्यांच्या पुढे नको. फक्त ती वर्षाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, दोन महिने आधी मला फोन करा.

मर्चंट नेव्हीचं. महिना १ लाख ४० हजार ऐकून कोणालाही मोह होईल. पण तो पगार जहाजावर असेपर्यंतचाच. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, ८ लाख ४० हजार, मग घरी बसायचं ते पुढच्या कॉन्ट्रॅक्टपर्यंत, ते कधी मिळेल ते कंपनीच्या हातात. किनाऱ्यावर ५० हजार गुणिले १२, ६ लाख, वर कंपनीचा पीएफ. तुम्ही पहिल्यांदाच पीएफमध्ये येताय आणि बेसिक १५ हजारांच्या वर आहे, त्यामुळे कंपनीचे १२ टक्के पूर्ण पीएफमध्येच जमा होतात, ईपीएसकडे (पीएफची पेन्शन योजना) वळत नाहीत, आणि त्याला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालंय. बोटीवरच्या बाजूला एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या ट्रेनिंगचे) कोर्स, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, इन्डोस हा खलाशाचा नोंदणी नंबर, सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी म्हणजे ऑफिसरच्या लायसन्सची धडपड हा खर्च आणि वेळ आधी घालायचा. नेव्हीची सर्व्हिस आहे म्हणून सगळं आपोआप मिळत नाही. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात की एनआरआय, बोटीच्या पगारावर टॅक्स नाही हे खरं, पण तुम्हाला किनाऱ्यावर पण टॅक्स नाहीच आहे. वर एनआरआय झालात की नवीन पीपीएफ उघडता येत नाही, बँक खाती बदलावी लागतात. सगळं वजा करून वर्षाचा फरक दीड-पावणेदोन लाख राहतो आणि त्यासाठी सहा महिने पुन्हा घराबाहेर.

मुलीची ही चौथी शाळा आहे असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबलो. दहावी आणि बारावी मिळून तिची चार वर्षं आहेत, त्या चार वर्षांत शाळा बदलू नका आणि शक्यतो तुम्ही घरी असा. हा पैशाचा सल्ला नाही असं वाटेल, पण आहे. ती स्थिर राहिली, अभ्यास लागला, तर ऐनवेळी महागडे क्लास आणि डोनेशनच्या मागे लाखो जात नाहीत, आणि त्या लाखांपुढे बोटीचे जास्तीचे दोन लाख काहीच नाहीत.

मग ३५ लाखाचं काय करायचं. गावच्या घराचं लोन पहिल्याच महिन्यात फेडा, ६ गेले. माजी सैनिकाला राहत्या घराच्या घरपट्टीत माफी असते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज टाका, तेवढी बचत सोडायची कशाला. ६-७ लाख साध्या एफडीत, वर्षभर काम नसलं तरी घर चालेल एवढे. मुलीच्या शिक्षणाचे ८ लाख पण एफडीत किंवा पोस्टात, कारण तीन-चार वर्षांत लागणार, शेअर बाजारात घालायचे नाहीत. उरले १४, ते लांबचे पैसे, इंडेक्स फंडात दीड वर्षात हळूहळू सोडा, आणि साठीपर्यंत विसरून जा. सीनियर सिटिझन स्कीमबद्दल विचारलंत, ती डिफेन्सवाल्यांना वयाच्या ५० पासून मिळते, साठीची वाट बघावी लागत नाही, पण तुम्हाला अजून ११ वर्षं आहेत. तुमच्या बँकेतल्या माणसाने दाखवलेली इन्शुरन्सवाली पॉलिसी, वर्षाला दोन लाख भरून पंधरा वर्षांनी अमुक मिळणार वाली, ती अजिबात घेऊ नका. डिस्चार्जचे पैसे खात्यात पडले की असे फोन रोज येतील.

इन्शुरन्स घ्यायचाच आहे, पण साधा टर्म, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा. कारण हे बघा. पेन्शनसाठी धरलेला तुमचा शेवटचा पगार ५६ हजार. तुमच्या माघारी वहिनींना सात वर्षं, किंवा तुमचं वय ६७ झालं असतं तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर ५० टक्क्यांनी म्हणजे २८ हजार बेसिक मिळेल. त्यानंतर ३० टक्के, १६,८०० आणि त्यावरचा महागाई भत्ता. उद्या काही झालं तर त्या ४३-४४ व्या वर्षी या आकड्यावर येतात, आणि पुढे चाळीसेक वर्षांचं आयुष्य आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय की 'पेन्शन आहे त्यामुळे बायकोची काळजी नाही'. काळजी आहे. १ कोटीचा टर्म प्लॅन साठीपर्यंत घ्या, आणि नव्या नोकरीत रुजू व्हायच्या आधी प्रपोजल टाका, इंजिन रूममध्ये काम करून कानाची तक्रार आहे ती फॉर्मवर स्पष्ट लिहा, लपवू नका.

हॉस्पिटलसाठी ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, तुम्हाला दोघांना आयुष्यभर, मुलाला २५ पर्यंत किंवा तो कमवायला लागेपर्यंत. फक्त आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफर, मग पॅनेलवरचं हॉस्पिटल असा रस्ता आहे. तुम्ही राहणार तिथून पॉलिक्लिनिक किती लांब आहे ते भाड्याचं घर बघतानाच बघा. कंपनीचा मेडिक्लेम मिळेल तो वापरा, वेगळा मोठा घ्यायची आत्ता गरज नाही.

आणि एक काम याच आठवड्यात करा. तुम्ही पाठवलेल्या कागदात वहिनींचं नाव सर्व्हिस रेकॉर्डला माहेरच्या आडनावाने आहे आणि आधारवर सासरच्या. लग्नानंतर कोणी ती नोंद बदलून घेतलेली दिसत नाही. पीपीओ (पेन्शनचा आदेश) निघायच्या आधी, तुम्ही अजून युनिटमध्ये असतानाच हे दुरुस्त करून घ्या, जन्मतारीख पण ताडून बघा. तिथे एका फॉर्मवर होणारं काम नंतर स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहून महिनोन्महिने चालतं, आणि ते चालवायची वेळ बऱ्याचदा एकट्या बाईवर येते. झालं की दुरुस्त पानाचा फोटो मला पाठवा, मग टर्म प्लॅनच्या नॉमिनीत तेच स्पेलिंग टाकू.